आजोबांना मारूनही नातू कसा उरतो?

कालप्रवासाच्या कथा आवडीने वाचणारी किंवा पाहणारी दोन माणसे एकत्र आली की एक वाद ठरलेला असतो. अमुक पात्राच्या जन्माआधीच्या काळात जाऊन त्याच्या आजोबांचा काटा काढला, तर ते पात्र नाहीसे होईल की नाही? थोड्याच वेळात कोणीतरी ठामपणे सांगते की हे पात्र कालप्रवासातल्या विरोधाभासांपासून अबाधित आहे, त्याच्यावर असल्या युक्त्या चालत नाहीत. हे विधान इतक्या पात्रांविषयी आणि इतक्या सहजपणे केलेले मी ऐकले आहे की त्याचा नेमका अर्थ काय, हे एकदा बैजवार लिहून काढावे असे बरेच दिवस मनात होते. कशापासून अबाधित, आणि त्या पात्राचे नेमके काय अबाधित, या दोन प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय हे विधान पोकळ राहते असे माझे मत आहे.

मूळ विरोधाभास साधा आहे. रने बार्झाव्हेल या फ्रेंच लेखकाच्या १९४४ साली पुस्तकरूपाने आलेल्या कादंबरीमुळे तो विशेष प्रसिद्ध झाला. तिचा नायक तरुण नेपोलियनला ठार मारायला १७९३ सालच्या तुलाँच्या वेढ्यात जातो आणि मध्ये आलेल्या एका सैनिकाला मारून बसतो. तो सैनिक त्याचाच पूर्वज निघतो. आता पूर्वज मेला म्हणून नायक जन्मला नाही, नायक जन्मला नाही म्हणून पूर्वजाला कोणी मारले नाही, आणि पूर्वज जगला म्हणून नायक जन्मला, असे हे चक्र थांबतच नाही. अबाधित पात्र म्हणजे या चक्रात सापडूनही जे टिकते ते, अशी ढोबळ व्याख्या कोणीही करील. अडचण अशी की चक्रात सापडणे म्हणजे काय, हे प्रत्येक कथेत निराळे असते, कारण भूतकाळ बदलला असता काय घडते याचा नियम प्रत्येक लेखक आपापल्या कथाविश्वापुरता ठरवतो.

त्यातला पहिला नियम असा की भूतकाळ बदलतच नाही. डेव्हिड लुईस या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७६ साली कालप्रवासातल्या विरोधाभासांवर लिहिलेल्या निबंधात टिम नावाच्या तरुणाचे उदाहरण घेतले आहे. टिमचे आजोबा दारूगोळ्याच्या धंद्यात श्रीमंत झालेले आणि १९५७ साली आपल्या बिछान्यात शांतपणे वारलेले. टिमला त्यांचा तिटकारा आहे, म्हणून तो रायफल घेतो, नेमबाजी शिकतो, १९२१ सालात जातो आणि त्यांच्या रोजच्या वाटेवर दबा धरून बसतो. लुईसचे म्हणणे असे की टिमजवळ सगळी साधने असली तरी तो अपयशीच ठरणार आणि त्या अपयशाचे कारण अगदी सामान्य असणार. ऐन वेळी कसलासा आवाज होईल, नेम चुकेल, किंवा धीर खचेल. आजोबा १९५७ साली वारले ही गोष्ट एकदा घडलेली आहे आणि ती पुसून दुसरी लिहिता येत नाही. भौतिकशास्त्रात इगोर नोव्हिकोव्ह यांनी मांडलेले स्वसुसंगतीचे तत्त्व याच वळणाचे आहे. किप थॉर्न आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९१ साली बिलियर्डच्या चेंडूचे गणित मांडले होते. कालविवरातून (वर्महोलमधून) मागे येऊन स्वतःलाच धडकणारा आणि त्यामुळे विवरात शिरूच न शकणारा चेंडू असा तो पेच होता. त्यांना आढळले ते असे की त्याच सुरुवातीपासून निघणाऱ्या सुसंगत वाटाही असतात. चेंडू स्वतःला हलकासा घासून जातो आणि त्या घासण्यामुळेच विवरात योग्य कोनातून शिरतो.

अशा जगात टिम अबाधित आहे का? आजोबा मरूच शकत नसल्यामुळे टिमला धोका कधी नव्हताच, आणि ज्याला धोका नाही त्याने धोक्यातून निभावून नेले असे म्हणता येत नाही. शिवाय ही सुरक्षितता टिमची एकट्याची नसून त्या जगातल्या प्रत्येक माणसाची, गाढवाची आणि दगडाची आहे. तरीही चाहत्यांच्या वादांत बंद चक्रात वावरणाऱ्या पात्रांना ही शक्ती बहाल केली जाते, आणि मला ते मुळीच पटत नाही.

दुसरा नियम फांद्यांचा. भूतकाळात ढवळाढवळ केली की तिथून वेगळी कालरेषा फुटते आणि जिथून आपण आलो ती रेषा जशीच्या तशी राहते. डेव्हिड डॉइच यांनी १९९१ साली पुंजयामिकीच्या आधारे आजोबांचा पेच सोडवण्याचा जो मार्ग दाखवला, त्याचा अनेक विश्वांच्या भाषेतला अर्थ साधारण असाच आहे. नातू मारतो ते दुसऱ्या विश्वातल्या आजोबांना, आणि स्वतः जन्मतो तो पहिल्यातल्या. लोकप्रिय उदाहरण ‘ॲव्हेंजर्स : एन्डगेम’ या २०१९ सालच्या चित्रपटाचे. त्यात नेब्युला ही नायिका २०१४ सालातून आलेल्या आपल्याच तरुण रूपाला गोळी घालते आणि तिला काहीही होत नाही. एका वादात माझा भाचा हे उदाहरण हुकमी एक्क्यासारखे पुढे करून म्हणाला, “मामा, स्वतःच्या भूतकाळाला मारून जी उभी राहते ती अबाधित नाही तर कोण?” मी त्याला एवढेच विचारले की तिच्या जागी त्या खोलीतला दुसरा कोणीही असता तर तो नाहीसा झाला असता का. झाला नसता. त्याच चित्रपटात ब्रूस बॅनर सांगतो की भूतकाळ बदलल्याने आपले भविष्य बदलत नाही, आणि हा नियम सगळ्यांना सारखाच लागू आहे. नेब्युलाच्या अंगी त्या बाबतीत विशेष असे काही नाही.

म्हणून व्याख्येची पहिली अट मी अशी मानतो की त्या कथेत कोणीतरी दुसरे नाहीसे झालेले किंवा बदललेले दिसले पाहिजे. भूतकाळातल्या बदलाची झळ इतरांना लागते हे कथेने स्वतः दाखवले असेल, तरच ती झळ न लागणाऱ्याचे वेगळेपण सिद्ध होते. मग उरतो तो तिसरा नियम, ज्यात भूतकाळ खरोखर बदलतो आणि त्याच एका रेषेवरचा वर्तमान त्याप्रमाणे पालटतो. अबाधितपणाचा प्रश्न फक्त इथेच खऱ्या अर्थाने उभा राहतो.

या प्रकारातले सर्वांत परिचित उदाहरण ‘बॅक टू द फ्यूचर’ या चित्रपटाचे, आणि ते जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्याचा नायक मार्टी १९८५ सालातून ५ नोव्हेंबर १९५५ या दिवशी जाऊन पोहोचतो आणि आपल्या आईवडिलांची पहिली भेटच अजाणता टाळून बसतो. त्याच्या खिशात तिघा भावंडांचा एक फोटो असतो. आधी थोरल्या भावाचे डोके पुसट होते, मग भाऊ सबंध जातो, मग बहीण, आणि शेवटी १२ नोव्हेंबरच्या नृत्यसमारंभात गिटार वाजवता वाजवता मार्टीचा स्वतःचा हात आरपार दिसू लागतो. वडील आईचे चुंबन घेतात आणि तो हात पुन्हा भरून येतो. म्हणजे मार्टीचे शरीर अबाधित नाही, हे अगदी स्पष्ट आहे. फार तर त्याला आठवड्याची मुदत मिळाली आहे. पण तो १९८५ सालात परततो तेव्हा घर पालटलेले असते. वडील लेखक झालेले असतात, आई उत्साही असते, भाऊ सूट घालून कचेरीत निघालेला असतो, आणि या सगळ्यांना फक्त नवाच इतिहास ठाऊक असतो. जुना इतिहास एकट्या मार्टीला आठवतो. इतकेच काय, तो निघाला तेव्हा ज्या दुकानसंकुलाच्या नावात दोन पाइनची झाडे होती, त्याच्या पाटीवर आता एकच झाड उरलेले असते, कारण १९५५ सालात पोहोचताक्षणी त्याने गाडीखाली एक रोप चिरडलेले असते. झाड बदलले, पाटी बदलली, माणसे बदलली, मार्टीची आठवण मात्र तशीच राहिली. मग मार्टी अबाधित आहे की नाही? शरीराने नाही, स्मृतीने आहे. सरसकट हो किंवा नाही म्हणणारा प्रत्येक जण इथे अर्धी गोष्ट सांगत असतो.

म्हणून मी पुढील व्याख्या सुचवतो. ज्या कथाविश्वात भूतकाळातला बदल इतरांना पुसून टाकतो किंवा पालटतो हे कथेतच दिसलेले आहे, त्या विश्वात एखाद्या पात्राच्या उगमावरच घाव घालणारा बदल होऊनही त्याचे अस्तित्व, त्याची स्मृती किंवा त्याने केलेली कृत्ये यांपैकी जे शाबूत राहते, तेवढ्यापुरतेच ते पात्र अबाधित मानावे. अस्तित्व, स्मृती आणि कृत्ये या तीन बाजू मी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत, कारण कथांमध्ये त्या क्वचितच एकत्र राहतात.

स्मृतीच्या अबाधितपणाचे सर्वांत कसोशीने रंगवलेले रूप मला ‘स्टाइन्स गेट’ या जपानी कथेत आढळते. ती २००९ साली दृश्यकादंबरीसारख्या खेळाच्या रूपात आली आणि २०११ साली तिची ॲनिमे मालिका झाली. तिचा नायक ओकाबे २८ जुलै २०१० रोजी अकिहाबारात एका तरुणीला रक्ताच्या थारोळ्यात पडलेली पाहतो आणि मित्राला मोबाइलवरून तसे कळवतो. तो संदेश नकळत भूतकाळात जातो आणि क्षणार्धात सगळा रस्ता निर्मनुष्य होतो. आता ज्या व्याख्यानाला तो स्वतः बसला होता ते झालेच नाही असे मित्र सांगतात, आणि मेलेली तरुणी हिंडताना दिसते. ओकाबे या क्षमतेला ‘रीडिंग स्टायनर’ असे भारदस्त नाव देतो, कारण त्याला सगळ्याच गोष्टींना भारदस्त नावे द्यायची खोड आहे. पण कथेचे खरे कौशल्य पुढे आहे. जुन्या रेषेची आठवण टिकते तेव्हा नव्या रेषेतली आठवण त्याला मिळत नाही. नव्या रेषेत काल संध्याकाळी तो कोणाशी काय बोलला, कोणाला काय वचन दिले, हे भोवतालच्या सगळ्यांना माहीत असते आणि त्याला एकट्यालाच नसते. इतरांच्या दृष्टीने पाहिले तर बदलाने ज्याची स्मृती गेली असा तोच एक माणूस आहे. अबाधितपणा हे वरदान समजणाऱ्यांनी ही बाजू लक्षात घ्यावी. शिवाय कथेत असेही सूचित होते की ही क्षमता अंधूक रूपात सगळ्यांतच असते आणि इतरांना ती स्वप्नासारखी जाणवते. म्हणजे ओकाबेचा फरक प्रमाणाचा आहे, आणि व्याख्येत प्रमाणालाही जागा ठेवावी लागते.

इथे एक गोष्ट ओघाने आली म्हणून सांगतो. योगवासिष्ठातला भुशुंड, म्हणजे आपल्याकडे काकभुशुंडी म्हणून ओळखला जाणारा चिरंजीव कावळा, एकामागून एक प्रलय पाहून वसिष्ठांना निरनिराळ्या सृष्टींच्या आठवणी सांगतो, आणि त्या सृष्टींत घटनांचा क्रम नेहमी सारखा नसतो. त्याला कोणी कालप्रवासी म्हणणार नाही, कारण तो कुठे जात नाही. काळच त्याच्यावरून जातो. तरी जग पुसले गेल्यावरही आधीच्या जगाची आठवण शाबूत राखणारे पात्र ही कल्पना आपल्या वाचकाला परकी वाटू नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

कृत्यांच्या अबाधितपणाकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही, आणि माझ्या मते सर्वांत जास्त लबाडी इथेच होते. ‘द फ्लॅश’ या मालिकेच्या पहिल्या पर्वाच्या शेवटी, म्हणजे २०१५ साली, एडी थॉन स्वतःवर गोळी झाडतो, जेणेकरून त्याचा भावी वंशज इओबार्ड थॉन जन्मालाच येऊ नये. इओबार्ड डोळ्यांदेखत विरघळून जातो. ठीक. पण मग ज्या इओबार्डने भूतकाळात येऊन नायकाच्या आईचा खून केला, तो जन्मलाच नाही तर आई जिवंत असायला हवी होती. ती मेलेलीच राहते. खुनी पुसला गेला आणि खून उरला. ‘डार्क’ या जर्मन मालिकेचा २०२० सालचा शेवटही याच जातीचा आहे. योनास आणि मार्था १९७१ सालच्या एका रात्री जाऊन टानहाउस घड्याळजीच्या मुलाची गाडी अडवतात. अपघात टळतो, त्यामुळे घड्याळजी यंत्र बांधत नाही, त्यामुळे या दोघांची जगेच निर्माण होत नाहीत, आणि दोघे प्रकाशाच्या कणांसारखे विरून जातात. मग गाडी अडवली कोणी? मालिका याचे उत्तर देत नाही आणि मला त्याचा राग येत नाही, कारण तो शेवट भावनेच्या अंगाने फार सुंदर आहे. तरीही व्याख्येच्या दृष्टीने त्या दोघांचे अस्तित्व अबाधित नाही आणि कृत्य अबाधित आहे, अशी नोंद करावी लागते. थॉनच्या बाबतीत ती सवलत मी देत नाही, कारण तिथे मालिकेला खून हवा होता आणि खुनी नको होता, एवढेच कारण दिसते.

‘लूपर’ या २०१२ सालच्या चित्रपटात हीच गफलत एका भयानक दृश्यात उघड्यावर आणली आहे. भविष्यातून पळून आलेल्या वयस्कर सेथला पकडण्यासाठी त्याच्या तरुण रूपाला टेबलावर बांधून कापायला सुरुवात होते. वयस्कर सेथच्या हातावर अचानक जुन्या व्रणांची अक्षरे उमटतात आणि त्यांत पत्ता लिहिलेला असतो. मग एकेक बोट नाहीसे होते, मग नाक, मग गाडी चालवता चालवता पाय जातो, आणि तो सरपटत त्या पत्त्यावरच्या दारापर्यंत पोहोचतो. दृश्य पाहताना अंगावर काटा येतो म्हणून प्रश्न सुचत नाही. पण तीस वर्षांपूर्वीच ज्याचा पाय तोडला गेला, तो माणूस आज पळून इथपर्यंत आला कसा? शरीर नव्या इतिहासाप्रमाणे बदलले, प्रवास जुन्या इतिहासाचा राहिला. दिग्दर्शकाने नियमाचा आग्रह सोडून परिणामाला महत्त्व दिले आहे, आणि अशा दृश्यासाठी मी ते आनंदाने मान्य करतो. फक्त त्या आधारावर सेथला कोणी अबाधित म्हणू नये.

अस्तित्वाच्या अबाधितपणाची दोन उदाहरणे माझ्या मते व्याख्येत चोख बसतात, आणि दोन्ही अमेरिकन कॉमिक्समधली आहेत. पहिले पुन्हा इओबार्ड थॉनचेच, पण २०११ सालच्या ‘फ्लॅशपॉइंट’मधले. तोवर थॉनची पंचाईत अशी होती की बॅरी ॲलनला, म्हणजे नायक फ्लॅशला, संपवले तर ज्याच्या द्वेषातून आपण घडलो तो माणूसच इतिहासातून जाईल आणि त्याच्याबरोबर आपणही जाऊ. बॅरीने इतिहास मोडल्यावर थॉन त्या इतिहासापासून सुटतो. आपण आता जिवंत विरोधाभास आहोत आणि त्यामुळे बॅरीला मारायला मोकळे आहोत, हे तो स्वतःच मोठ्या आनंदाने सांगतो. जग बदलते हे दिसलेले आहे, इतरांची आयुष्ये उलटीपालटी झालेली दिसली आहेत, थॉनचा उगम हरवला आहे आणि तरी तो उभा आहे. तिन्ही गोष्टी जुळतात. लगेच पुढे टॉमस वेन, म्हणजे त्या बदललेल्या जगातला बॅटमॅन, त्याला पाठीमागून तलवारीने भोसकतो आणि तो मरतो, हेही व्याख्येशी सुसंगतच आहे, कारण विरोधाभासापासून सुटका म्हणजे तलवारीपासून सुटका नव्हे.

मालिकेतल्या थॉनचे पुढे काय झाले हेही याच संदर्भात पाहण्यासारखे आहे. ‘लेजेंड्स ऑफ टुमॉरो’च्या दुसऱ्या पर्वात तो परततो. आपण खरे तर अस्तित्वात असायला नको हे त्याला ठाऊक असते, आणि ब्लॅक फ्लॅश नावाचा काळाचा दूत त्याच्या मागावर असतो. म्हणून तो एका जागी थांबत नाही, बैठकीतूनही अर्ध्यात पळतो, आणि वास्तव नव्याने लिहू शकणारा भाला शोधत राहतो. शेवटी दूत त्याला गाठतोच. एकच खलनायक कॉमिकमध्ये खरोखर अबाधित आहे आणि मालिकेत केवळ फरारी आहे. चाहत्यांच्या याद्यांमध्ये या दोघांना एका ओळीत बसवले जाते, ते मला साफ चुकीचे वाटते. फरारीपणाला मुदत असते.

दुसरे उदाहरण पॉवर गर्लचे. १९७६ साली अवतरलेली ही नायिका दुसऱ्या, म्हणजे समांतर विश्वातल्या पृथ्वीवरच्या सुपरमॅनची चुलत बहीण होती. १९८५-८६ सालच्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’मध्ये सगळ्या पृथ्वी मिळून एक झाली, दुसऱ्या पृथ्वीचा इतिहास पुसला गेला, तिथली हंट्रेस आणि रॉबिन मेले, आणि पॉवर गर्ल मात्र नव्या जगात तशीच उरली. मग तिला नवा उगम देणे भाग पडले, म्हणून ती अटलांटिसच्या एरियन या मांत्रिकाच्या वंशातली असल्याचे सांगण्यात आले. २००५ साली ते खोटे ठरवून तिला तिचा मूळ उगम परत देण्यात आला. म्हणजे सुमारे वीस वर्षे हे पात्र कोठून आले याचे खरे उत्तर त्या जगात नव्हते आणि पात्र मात्र होते. कारणाशिवाय उरलेल्या माणसाला आपण कोण आहोत हे सांगता येत नाही, ही गोष्ट या उदाहरणाइतकी ठसठशीतपणे मला दुसरीकडे दिसलेली नाही, आणि ती बहुधा संपादकीय गोंधळातून घडली आहे. त्याच महाकथेच्या शेवटी सायको-पायरेट हा खलनायक एकटाच जुनी सगळी जगे आठवत राहतो आणि वेड्यांच्या इस्पितळात हात बांधलेल्या स्थितीत दिसतो. तिथे एकीचे अस्तित्व टिकले आणि एकाची स्मृती टिकली, आणि दोघांपैकी कोणीही त्यामुळे सुखी झालेले नाही.

आता एका अवघड प्रकरणाकडे येतो. ‘ड्रॅगन बॉल सुपर’मध्ये २०१६ साली आलेल्या कथाभागात गोकू ब्लॅक हा खलनायक म्हणजे मालिकेचा नायक गोकू याचे शरीर बळकावलेला झमासू नावाचा देव असतो. बीरुस हा संहारदेव भूतकाळातल्या झमासूला आधीच नष्ट करतो आणि प्रश्न मिटला असे समजतो. तरी भविष्यात ब्लॅक जिवंतच सापडतो, कारण त्याच्या बोटात कालवलय असते आणि त्या अंगठीमुळे इतिहासातल्या बदलांची बाधा त्याला होत नाही. वस्तूमुळे मिळालेला अबाधितपणा व्याख्येत बसायला काही हरकत नाही. मला खटकते ते वेगळेच. या मालिकेच्या आधीच्या ‘ड्रॅगन बॉल झेड’मध्ये भविष्यातला योद्धा ट्रंक्स भूतकाळात जाऊन तिथले संकट टाळतो आणि परत आल्यावर त्याच्या स्वतःच्या भविष्यात काडीचाही फरक पडलेला नसतो. म्हणजे या विश्वाचा नियम फांद्यांचा. मग अंगठीची गरजच काय होती? देवाने केलेला संहार भविष्यालाही लागू होतो असे बीरुसचे म्हणणे आहे, पण तसा तो लागू होऊन दुसरे कोणी पुसले गेल्याचे आपल्याला दिसत नाही. इतरांना झळ लागलेली दिसली पाहिजे ही माझी पहिली अट इथे पुरी होत नाही, म्हणून गोकू ब्लॅकला मी संशयाचा फायदा देऊन अर्धे गुण देईन. भाच्याला हा निकाल मान्य नाही. अंगठीचे काम कथेने सांगितले आहे एवढे त्याला पुरेसे वाटते.

त्याहून अवघड प्रकरण रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९५९ सालच्या एका लघुकथेचे, जिच्यावरून २०१४ साली ‘प्रीडेस्टिनेशन’ हा चित्रपट निघाला. त्यातले मुख्य पात्र कालप्रवासाच्या आणि लिंगबदलाच्या योगाने स्वतःचीच आई आणि स्वतःचाच बाप आहे. ज्याला स्वतःखेरीज पूर्वज नाहीत त्याच्या आजोबांना मारायचे कसे? वरकरणी हे सर्वांत अबाधित पात्र वाटते, आणि वादात ते तसेच सादर केले जाते. परंतु ते चक्र बंद आहे, त्यातले काहीही बदलत नाही, आणि कोणालाही झळ लागत नाही. म्हणजे हे पात्र लुईसच्या टिमच्याच रांगेत उभे राहते. टिम तिथे निदान आजोबांसह उभा आहे, एवढाच फरक.

शेवटी आपल्याकडच्या एका कथेला ही व्याख्या लावून पाहावी असे वाटते, कारण तिच्याइतकी नेटकी कसोटी दुसरी नाही. जयंत नारळीकर यांची गंगाधरपंत गायतोंडे यांच्यावरची पानिपतची कथा अनेकांनी मराठीत वाचली असेल, आणि अनेकांना ती अकरावीच्या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने भेटली असेल. मी पुढे म्हणतो ते त्या इंग्रजी रूपाला धरून. एका ट्रकशी टक्कर होते त्या क्षणी इतिहासाचे हे प्राध्यापक पानिपतच्या विचारात गढलेले असतात, आणि ते अशा जगात जातात जिथे १७६१ साली मराठे जिंकले आहेत. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे. कचेरीत ते आपल्या मुलाची, विनय गायतोंडेची चौकशी करतात आणि या नावाचे कोणी इथे नाही असे उत्तर मिळते. टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात ते स्वतःच लिहिलेले इतिहासाचे पाच खंड मागवतात. पहिल्या चार खंडांत काही फरक नसतो, पाचवा मात्र पानिपतापासून वेगळा होतो. बखरीत विश्वासरावांच्या कानाला चाटून गेलेली गोळी त्यांना सापडते. बखर अनवधानाने खिशात राहते, आझाद मैदानावरच्या गोंधळात ती हरवते, आणि आपल्या जगात परत येताना त्यांच्याजवळ तिचे एक फाटके पान उरते.

वरवर पाहता पंत तिन्ही अंगांनी अबाधित दिसतात. मुलगा नाही, तरी बाप आहे. आठवण शाबूत आहे. पान खिशात आहे. पण त्यांचे मित्र राजेंद्र देशपांडे त्यांना जे स्पष्टीकरण देतात, ते पाहिले की चित्र पालटते. त्याप्रमाणे दोन्ही जगे आपापल्या जागी होती आणि पंत एकातून दुसऱ्यात जाऊन आले. कोणतेही जग कोणी बदलले नाही, म्हणून कोणाला झळ लागायचा प्रश्न नव्हता. विनय पुसला गेला नव्हता. पंत जिथे त्याला शोधत होते, तिथे तो नव्हता, इतकेच. माझ्या व्याख्येने पंतांना शून्य गुण मिळतात आणि ते मला योग्य वाटते. ते त्या जगात परके होते, आणि परक्या माणसाला तिथल्या इतिहासाची बाधा होण्याचे कारणच नाही.

एक प्रश्न मात्र यातून सुटत नाही. त्या जगातल्या ग्रंथालयात गंगाधरपंत गायतोंडे यांचे पाच खंड होते, आणि पाचवा त्या जगाच्या इतिहासाला धरून लिहिलेला होता. तो लिहिणारे गंगाधरपंत त्या जगात कोणीतरी असलेच पाहिजेत. आपले पंत त्यांच्या मुंबईत हिंडत होते तेव्हा ते कुठे होते? पुण्यात घरी असतील, किंवा आपल्या मुंबईत येऊन इंग्रज कधी गेले असे लोकांना विचारत असतील. कथेत याचा उल्लेख नाही. ते दुसरे पंत आपल्याकडे आले होते असे धरले, तर त्यांच्याही खिशात एखादे पान असणार, आणि त्या पानावर विश्वासरावांना गोळी लागलेली असणार.